कार्डावरचे चार शिक्के

भोसरीच्या ज्या कारखान्यात मी काम करतो तिथे माझ्या सहीशिवाय माल गेटाबाहेर जात नाही. मी क्वालिटीत आहे. केसाएवढा चरा दिसला तरी अख्खा लॉट परत पाठवतो, आणि पाठवताना दोन शब्द सुनावतोही. "न बघता सही करायला मी काय मंत्री आहे का?" हे माझं वाक्य खाली शॉप फ्लोअरवर सगळ्यांना पाठ आहे. पोरं मागे नक्कल करतात. तर अशा या साईनाथने आपल्या मुलीच्या दातांच्या कार्डावर दोन वर्षांत चार शिक्के मारून आणले, आणि एकदाही मुलगी बरोबर नव्हती.

कार्ड शाळेचं. जून आणि डिसेंबर, वर्षातून दोनदा मुलांना दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं, त्यांनी तपासून शिक्का मारायचा, पालकांनी सही करून कार्ड वर्गात दाखवायचं. पद्धत चांगली आहे, मी कधी नाही म्हटलं? आमच्या घरात हे काम माझ्याकडे आलं, कारण भोसरीला सुट्टी गुरुवारची. माझी बायको पूर्णिमा बँकेत असते. गुरुवारी दुपारी कादंबरी शाळेतून येते तेव्हा घरी मीच असतो.

पहिल्या जूनला मी तिला खरंच नेणार होतो. ती तेव्हा दुसरीत होती. पण त्या दुपारी तिचा चित्रकलेचा क्लास होता आणि कार्ड दुसऱ्याच दिवशी द्यायचं होतं. माझा शाळेपासूनचा मित्र पियुष आम्ही राहतो त्या वारज्यातच दातांचा दवाखाना चालवतो. मी एकटाच गेलो. पियुष म्हणाला, "आण की तिला, पाच मिनिटांचं काम आहे." मी म्हणालो, "आणतो रे. आत्ता शिक्का मार, उगाच पोरीला बाई बोलतील." त्याने मारला. शेजारी 'सर्व ठीक' असंही लिहिलं. मग आम्ही चहा प्यालो.

संध्याकाळी पूर्णिमाने विचारलं, "दाखवलंस का?"

"हो. एकदम मस्त आहेत दात."

इतकं सहज निघून गेलं तोंडातून की क्षणभर मलाच खरं वाटलं. डिसेंबरात तर क्लासचंही निमित्त नव्हतं. मी आळस केला, बाकी काही नाही. दुपारी जेवून जरा आडवं व्हायचं होतं. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी तर पियुषनेही 'आण की' म्हणायचं सोडून दिलं. दोन तासांचं काम पाच मिनिटांत उरकल्याचा मला वर अभिमान. ओळखी कशाला असतात, असं मी मनात म्हणायचो.

जानेवारीत कादंबरी एकदा म्हणाली, "बाबा, इथे मागे दुखतंय." मी मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं. खालच्या दाढेवर काळा ठिपका होता. समोरचे दात तर तिचे धडाधड पडत होते, नवे येत होते. मी म्हणालो, "दुधाचा दात आहे गं, पडणारच आहे." कापसावर लवंगेचं तेल लावून दिलं. पूर्णिमा म्हणाली, "पुन्हा एकदा दाखवायचं का पियुषला?" तेव्हा मी जे बोललो ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. मी म्हणालो, "अगं, गेल्याच महिन्यात तपासलंय. कार्डावर आहे की."

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी कादंबरी उठली ती गाल सुजवून. उजवा डोळासुद्धा बारीक झाला होता. आम्ही दोघांनीही सुट्टी टाकली. मी म्हणालो, पियुषकडे नको, लहान मुलांचे दात बघणारी कुणीतरी डॉक्टर बघू. माझ्या या तत्परतेचं पूर्णिमाला कौतुक वाटलं. मला फक्त पियुषच्या तोंडून काही निघायला नको होतं.

कर्वेनगरच्या डॉक्टर शेफालींनी एक्स-रे काढला. तरुण बाई, पण बोलणं मोजकं. म्हणाल्या, "ही दाढ दुधाची नाही. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे येते ती. तिच्या जागी आधी कुठला दात पडत नाही, म्हणून घरच्यांना कळतच नाही की कायमची आली. बरेच जण दुधाची समजून सोडून देतात."

"वाचेल ना?" पूर्णिमाने विचारलं.

"नाही. आतून पार संपलीय. आधी पाच दिवस औषध, सूज उतरली की काढू. बाराव्या वर्षी हिच्या मागे आणखी एक दाढ येईल, ती पुढे सरकून थोडीफार जागा भरेल कदाचित. वर्षभरापूर्वी दिसलं असतं तर एका छोट्या फिलिंगवर भागलं असतं."

पूर्णिमाने पर्समधून कार्ड काढलं. ती सगळे कागद नीट ठेवते. "पण मॅडम, आम्ही दर सहा महिन्यांनी दाखवतोय हो. हे बघा. डिसेंबरातसुद्धा."

डॉक्टरांनी कार्ड हातात घेतलं आणि बराच वेळ बघितलं. "इतकं सगळं तीन महिन्यांत होत नाही सहसा," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत आडव्या पडलेल्या कादंबरीकडे वळल्या. "रात्री झोपताना ब्रश करतेस का गं?"

कादंबरीने आधी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या चित्रात दाताला किती मुळं असतात ते मोजत होतो.

"कधी कधी नाही," ती म्हणाली.

झालं. कारण सापडलं. पूर्णिमाचा जीव भांड्यात पडला आणि राग डोक्यात गेला. घरी येईपर्यंत गाडीत ती बोलत होती. रोज सांगते, रोज सांगते, ऐकायला नको, आता गेली ना कायमची दाढ, पुन्हा येणार आहे का ती? मागच्या सीटवर कादंबरी सुजक्या गालाला रुमाल लावून मुकाट बसली होती. मी गाडी चालवत होतो. वारजे पुलाखालच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सांगून टाकावं असं वाटलं. सिग्नल सुटला. मीही सुटलो.

दाढ काढताना ती रडली नाही. डॉक्टर म्हणाल्या, शहाणी मुलगी आहे. शहाणी मुलगी त्या दिवसापासून दात घासायला लागली. सकाळी, शाळेतून आल्यावर, जेवल्यावर, झोपताना. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, मोजून. पाडव्याला तिच्या वाटीतलं श्रीखंड तसंच राहिलं. "मला नको, माझे दात चांगले नाहीत," असं तिने माझ्या आईला फोनवर सांगितलं, आणि तेही आपला काही तरी गुन्हा झाल्यासारखं. पूर्णिमा म्हणाली, "बघ, शेवटी वळण लागलं." मी मान डोलावली. माझं स्वतःचं श्रीखंड मी दोनदा घेतलं होतं, तेवढा निगरगट्ट मी आहे. पण ते गोड लागलं नाही.

मी स्वतःला समजावत होतो. सांगून दाढ थोडीच परत येणार? उलट घरात भांडण. पूर्णिमाचा माझ्यावरचा विश्वास जाणार, पियुषशी संबंध बिघडणार. शिवाय पोरगी रात्री ब्रश चुकवत होती हे तर खरंच ना? अशा सबबी माझ्याकडे सप्लायर लोक घेऊन येतात तेव्हा मी त्यांना खुर्चीसुद्धा देत नाही.

परवाचा गुरुवार. कादंबरी शाळेतून आली, जेवली आणि तडक बेसिनपाशी गेली. मी भांडी आवरत होतो. बराच वेळ खसाखसा आवाज येत राहिला म्हणून जाऊन बघितलं. बेसिनमध्ये फेस पडला होता, तो गुलाबी होता.

"अगं, रक्त येतंय! किती जोरात घासतेस?"

"जोरात घासलं नाही तर दुसरी बाजू पण जाईल," ती फेसाने भरलेल्या तोंडाने म्हणाली. "आई म्हणाली, आता आलेले दात गेले की परत येत नाहीत."

मी तिच्या हातातून ब्रश काढून घेतला. तिथेच स्टुलावर बसलो.

"कादंबरी, ऐक. ती दाढ तुझ्यामुळे नाही गेली. माझ्यामुळे गेली. मी तुला डॉक्टरकडे नेलंच नाही कधी. पियुषकाकाकडून नुसते शिक्के मारून आणले. आईशी खोटं बोललो."

ती रडेल, चिडेल, निदान तोंड तरी फिरवेल, अशी माझी तयारी होती. तिने चूळ भरली, फ्रॉकच्या बाहीला तोंड पुसलं.

"मला माहितीये," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"मी कधी गेलेच नव्हते ना त्यांच्याकडे. मला माहिती असणारच."

दोन वर्षं मी बायकोपासून लपवत होतो, आणि जिच्याविषयी खोटं बोलत होतो ती रोज माझ्याच ताटाशेजारी ताट घेऊन बसत होती. तिला विचारावं लागेल, तिलाही काही कळत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लाज वाटली, अशी की वर बघवेना.

"मग त्या डॉक्टरांसमोर का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तू सांगशील," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं. "म्हणून मी तुझ्याकडे बघितलं. तू काहीच बोलला नाहीस. मग मला वाटलं, माझ्या ब्रशमुळेच झालं असेल. नाहीतर तू सांगितलं असतंस ना?"

मी फोन काढून पूर्णिमाला लावला. बँकेत गर्दी असावी, मागे कुणीतरी जोरजोरात टोकन नंबर पुकारत होतं. "काय झालं? पटकन बोल," ती म्हणाली.

कादंबरी बेसिनला टेकून उभी होती. ऐकत होती. मी बोलायला लागलो.