काटा पंधरावर

मावशींनी ऑटोक्लेव्हच्या काट्यावरच्या काचेला जवळजवळ नाकच टेकवलं.

"पंधरा. बघ गं, पंधराच आहे ना?"

"पंधराच आहे, मावशी."

"नीट बघ. मग म्हणशील, म्हातारीने पुन्हा घोळ घातला."

पालाने मान खाली घातली. सदानकदा पानांच्या पिशव्या घेऊन फिरणाऱ्या या संशोधक विद्यार्थिनीला प्रयोगशाळेत सगळे पालाच म्हणत. तिने स्वच्छ असलेला चिमटा उगाच पुन्हा पुसायला घेतला. गेले आठ दिवस मावशी प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारून काटा दाखवत होत्या. बावीस वर्षं हे वाफेच्या दाबाने जंतू मारणारं भांडं त्यांनीच सांभाळलं होतं. बाटल्या, पाणी, काचसामान, सगळं त्यांच्या हातून निर्जंतुक होऊन जायचं आणि त्यावर कधी कोणी बोट ठेवलं नव्हतं.

पालाचं काम पानांच्या आत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांवर होतं. आत कोण राहतं ते कळायचं तर बाहेरचे सगळे आधी मारावे लागतात. म्हणून पान पाच मिनिटं ब्लीचमध्ये बुडवायचं, मग निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवायचं, त्याचे तुकडे जंतू वाढवायच्या प्लेट्सवर ठेवायचे आणि शेवटच्या धुण्याचं पाणी एका वेगळ्या प्लेटवर पसरायचं. त्या प्लेटवर काही उगवलं, की बाहेरचे मेलेच नाहीत असं समजायचं आणि सगळं टाकून द्यायचं.

चार महिने तिच्या प्लेट्स कोऱ्या करकरीत निघाल्या होत्या. तिचे मार्गदर्शक सर रोज विचारायचे, "उगवलं का काही?" आणि ती रोज नाही म्हणायची. शेवटी वैतागून तिने पाच मिनिटांचं एक मिनिट केलं. तीन दिवसांत सगळ्या प्लेट्स भरून गेल्या. शेवटच्या धुण्याचीसुद्धा. नेमकी तीच सरांनी उचलून उजेडात धरली.

"हे काय?"

"पाणी नीट निर्जंतुक झालं नसेल, सर."

वाक्य तोंडातून गेलं ते गेलंच. सरांनी सगळ्यांदेखत मावशींना बोलावून विचारलं, काटा कितीवर होता, बघितलात का?

"पंधरावर होता, सर," मावशी म्हणाल्या. मग सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून पुढे म्हणाल्या, "म्हणजे, मला तरी तसं दिसलं."

आज वाफ सोडता सोडता त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या, "उद्यापासून हे दुसरं कोणी बघेल हं. मी अर्ज दिलाय क्लार्कसाहेबांकडे. झाडू-फरशीचं काम द्या म्हटलं."

"का पण?"

"डोळे गेले गं माझे. नातवाची नखं मीच कापायचे, तेही सोडलं. उगाच पोराच्या बोटाला लागायचं."

पालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, पाणी चांगलं होतं."

"असू दे गं."

"नाही, खरंच. मी पानं ब्लीचमध्ये एकच मिनिट ठेवली. काही उगवतच नव्हतं म्हणून. आणि सरांना खोटं सांगितलं. तुमच्यावर ढकललं."

आता कानाखाली बसणार, असं तिला वाटलं. बसली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे काटा पंधरावरच होता?"

"हो."

"मला बरोबर दिसलं होतं?"

"हो, मावशी."

मावशींचा चेहरा असा खुलला की पालाला तो बघवेना. त्यांनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "बरं केलंस बाई सांगितलंस. उपकार झाले तुझे," असं म्हणत त्या तरातरा दाराशी गेल्या.

"अहो क्लार्कसाहेब!" त्यांचा खणखणीत आवाज अख्ख्या कॉरिडॉरभर गेला. "तो अर्ज फाडून टाका! डोळे ठणठणीत आहेत माझे! पाणी चांगलं होतं!"

दोन-तीन दारं उघडली. समोरच्या खोलीतून सर पेन हातात घेऊनच बाहेर आले.

"काय झालं, मावशी?"

मावशींनी पालाचं मनगट धरून तिला आपल्या शेजारी दारात आणून उभं केलं. त्यांच्या तोंडावर राग औषधालाही नव्हता.

"सांग ना गं," त्या हसत म्हणाल्या. "मला सांगितलंस तसंच सांग."