सगळ्याच ओळी कडेच्या

“आजपासून या संस्थेत कोणीही घाबरत घाबरत संशोधन करणार नाही! धाडस करा, हवं तर चुका, पण नवं करा! उद्याच्या पिढ्यांचं पोट आपल्या हातात आहे!” संचालक टेबलावर मूठ आपटून म्हणाले आणि लगेच, हे जरा जास्त तर झालं नाही ना, अशा नजरेनं त्यांनी शेजारच्या अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष बिस्किटांचा पुडा फोडण्यात गुंतले होते. संचालकांना हायसं वाटलं.

समोर आपला प्रस्ताव घेऊन गहूताई बसली होती. जन्मभर गव्हावर काम केलं म्हणून हे नाव. सकाळी निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, “आज काहीतरी मंजूर करून घेऊनच ये गं बाई. तीन वर्षं तेच रडगाणं ऐकून मलाही पाठ झालंय. तुला जमत नसेल तर मी जाऊन म्हणून दाखवते.” यंदा नकार आला, तर गहूताईची बदली बियाण्यांच्या गोदामात ठरलेली होती. तिथं नव्या कामाला भरपूर वाव होता, पण तो उंदरांना.

तिचं म्हणणं साधं होतं. प्रयोगाच्या शेतात कडेच्या ओळी नेहमी जोमदार येतात. एक बाजू मोकळी असते, त्यामुळे ऊन, वारा, मुळांना जागा, सगळं मिळतं. त्यांच्यामुळे सरासरी फुगते, म्हणून त्या मोजायच्या नाहीत, वगळायच्या, असा नियम. म्हणजे संस्था स्थापन झाल्यापासून शेतातलं सगळ्यात चांगलं पीक बाजूला टाकत आली होती आणि उरलेलं कसं सुधारावं या काळजीनं केस पिकवत होती.

“दोन ओळी, मग रुंद मोकळी पट्टी, पुन्हा दोन ओळी,” गहूताई म्हणाली. “प्रत्येक ओळ कडेची. बियाणं निम्मं, पाणीही निम्मं.”

“वा! धाडसी!” संचालक म्हणाले.

“धाडसी कसलं?” संस्थेची आकडेमोड सांभाळणारे आकडेबुवा खेकसले. “कडेच्या ओळी वगळायच्या. हिच्या सगळ्याच कडेच्या. म्हणजे उत्पन्न शून्य!”

“अहो, पीक डोळ्यांसमोर उभं असेल!”

“असू दे की. कागदावर नसेल.”

“बरोबर आहे त्यांचं,” अध्यक्ष चहात बिस्किट बुडवत म्हणाले. “टाकायला काहीतरी हवंच. काहीच न टाकता आपल्याकडे एकही प्रयोग झालेला नाही.”

दर वर्षी गाडी इथंच अडायची. गहूताईला गोदामातले उंदीर दिसू लागले.

“टाकायलाच हवंय ना?” ती एकदम म्हणाली. “मग शेताच्या चारी बाजूंनी आपली नेहमीची दाट पेरणी करते. ती झाली कड. ती खुशाल टाका. आतलं सगळं मोजा.”

आकडेबुवांनी पेन्सिल चावली. कड टाका, एवढंच नियम सांगत होता. कडेला काय पेरावं, याबद्दल तो गप्प होता.

“बसतंय नियमात,” ते पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले.

“म्हणजे आपली पद्धत टाकायची आणि हिची मोजायची?” अध्यक्षांनी विचारलं.

“नियमानुसार,” गहूताई म्हणाली.

“नियमानुसार असेल, तर धाडसाला माझी हरकत नाही. मंजूर!”

व्हरांड्यात संचालकांनी तिला गाठलं. “शाब्बास, ताई! आज तुम्ही भविष्य घडवलंत!” मग इकडेतिकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. “ते निम्मं पाणी वाचेल म्हणालात ना... पाइप जरा लांबवून ऑफिससमोरच्या हिरवळीवर सोडाल का? पाहुणे येतात हो, बरं दिसत नाही.”