मोठ्या तोंडाचा टर्बो

टर्बो गेला तेव्हा व्हॅनमध्ये शाळेची मुलं नव्हती, एवढंच नशीब. मी त्यांना सोडून परत येत होते. चढावर शिट्टीसारखा आवाज आला, मागे निळा धूर निघाला आणि गाडीतली ताकदच गेली. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, गोगलगाईच्या आकाराचा. शेजाऱ्यांनी ढकलत व्हॅन भाऊजींच्या शेडमध्ये आणली. तिथली फरशी रस्त्यापासून आत उतरती, त्यामुळे गाडी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, गाड्या दुरुस्त करतात. माझा नवरा गेल्यापासून सासूबाईंना हा एकच मुलगा उरला आहे. आमचं तिघांचं घर त्या शेडवर आणि या व्हॅनवर चालतं.

नवा टर्बो घ्यायचा तर व्हॅन विकावी लागली असती, आणि मग तो बसवायचा कुठे? म्हणून भाऊजींनी भंगारातून एका ट्रकचा टर्बो उचलून आणला. आमच्या जुन्याच्या चांगला दुप्पट.

"एवढा मोठा?" मी विचारलं.

"आपल्या मापाचा मिळाला नाही. आणि मोठ्यानं काय बिघडतंय, वहिनी? गाडी पळेल नुसती."

"त्याचा जबडा बघा. आधी इंजिनच गिळेल."

ते हसले. मी हसले नाही. मी भित्री आहे, गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणाऱ्यांपैकी.

भाऊजींनी पत्रा कापला, वेल्डिंग केलं आणि तो कसाबसा बसवला. टर्बोतलं ऑइल खाली परत नेणारी नळी मात्र जुनीच राहिली, बारीक.

"ही पुरेल का?"

"तात्पुरती पुरेल. जाड मिळाली की बदलू."

आमच्या घरातलं तात्पुरतं काय असतं ते मला विचारा. मोरीच्या दाराला तात्पुरती बांधलेली दोरी माझ्या लग्नाआधीपासूनची आहे.

दुपारी मी किल्ली घेऊन सीटवर बसले. भाऊजी बॉनेट उघडून पुढे उभे राहिले. गाडी आणि भिंत यांच्यात जेमतेम माणूस मावेल एवढीच जागा होती. सासूबाई शेडच्या दारात हात पुसत उभ्या होत्या.

इंजिन सुरू झालं. आवाज छान होता. भाऊजींनी बाजूनं डोकं काढून माझ्याकडे बघत मान डोलावली. मग आवाज चढू लागला.

"वहिनी, पाय काढा!"

"मी पाय ठेवलेलाच नाही!"

"बंद करा मग!"

मी किल्ली फिरवली. उपसून हातात घेतली. इंजिन थांबलं नाही, उलट आणखी पिसाळलं. बारीक नळीतून ऑइल परत जात नव्हतं. ते तुंबून टर्बोतून थेट इंजिनात शिरत होतं आणि इंजिन तेच जाळत सुटलं होतं. त्याला आता डिझेल नको होतं की किल्ली. शेड पांढऱ्या धुरानं भरली. सीट, स्टिअरिंग, माझे दात, सगळं थरथरत होतं.

अशा वेळी हवा तोडायला भाऊजी एक लोखंडी झाकण जवळ ठेवतात. ते त्यांनी दोन्ही हातांनी टर्बोच्या तोंडावर दाबलं. पण झाकण जुन्या टर्बोच्या मापाचं होतं. कडेनं फट राहिली आणि इंजिन तेवढ्या हवेवर ओरडत राहिलं.

"सोडा ते! बाहेर या!"

"सोडलं तर इंजिन फुटेल! टॉप गिअर टाका! ब्रेक गच्च दाबा आणि क्लच सोडा!"

म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडेल. मला कळत होतं. पण ब्रेक जरा जरी सरकला, तर गाडी उतारानं पुढे जाणार होती आणि पुढे ते होते.

"अगं, तो पुढे आहे!" सासूबाई किंचाळल्या. "माझा तो पुढे आहे गं!"

मी इतकी घाबरले होते की रडूही येईना. गिअर टाकला. ब्रेकवर सगळा जीव ओतला आणि क्लच सोडला.

गाडीनं हिसका दिला. बॉनेटच्या बाजूनं दिसणारं त्यांचं डोकं खाली गेलं. मग एकदम शांतता. मारलं मी भाऊजींना, एवढंच मनात आलं.

"वहिनी..." धुरातून आवाज आला. "पाय उचलू नका."

बंपर त्यांच्या गुडघ्यांना टेकला होता. ते हातांवर जोर देत इंजिनावरून चढून कडेनं बाहेर आले. सासूबाईंनी पुढच्या चाकांना विटा लावल्या. भाऊजींनी खिडकीतून हात घालून हँडब्रेक ओढला.

"झालं. सोडा आता."

ते दाराशी उभे होते, तोंड काळं, हात भाजलेले, पण धडधाकट. मला दिसत होते. तरी पाय ब्रेकवरून निघेना. मी त्याला सांगत होते, तो ऐकत नव्हता. माझ्या पायाच्या लेखी भाऊजी अजून पुढेच होते.

सासूबाई दाराशी खाली बसल्या. त्यांनी माझा घोटा दोन्ही हातांत धरला.

"तो इथे आहे, बाळा. माझ्या मागे उभा आहे. सोड."

पण मी पाय उचलण्याआधी त्या स्वतःच उठल्या, आणि गाडीच्या पुढे वाकून बघून आल्या, तिथे कोणी नाही ना.