लाल शेडची खूण

रनेलला मासेमारीचा मनापासून कंटाळा होता, आणि तो काही कालपरवाचा नव्हता. शाळेत जायला लागल्यापासूनचा होता. मे महिन्याचा पहिला शनिवार उजाडला की तिचे वडील क्लोव्हिस तिच्या दारात गाडी उभी करून भोंगा वाजवणार, आणि ती मनातल्या मनात शिव्या हासडत मोज्यांवर मोजे चढवणार. सरोवराच्या खाडीवरचा बर्फ जाऊन जेमतेम महिना झालेला, वारा हाडांत शिरतोय, आणि म्हातारा म्हणणार, "काय झकास हवा पडलीय!" पुढे उन्हाळाभर दर शनिवारी हेच. आई गेल्यापासून होडीत पुढच्या फळीवर बसायला तीच एकटी उरली होती. भाऊ शहाणा, तो ॲरिझोनात वाळवंटात जाऊन राहिला.

यंदा मात्र ती आपणहून आली होती, कारण यंदा पैज लागली होती.

फेब्रुवारीत क्लोव्हिस अंगणातल्या बर्फावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं, आणि मार्च संपेपर्यंत शहरातल्या रुग्णालयात पडून राहावं लागलं. घरी आल्यावर एकदा त्यांचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला आणि एकदा रिकामी किटली शेगडीवर लाल होईपर्यंत तापली. रनेल म्हणाली, आता होडी पुरे. म्हातारा म्हणाला, हाड मोडलंय, डोकं नाही. महिनाभर दोघांनी एकमेकांचं डोकं खाल्लं आणि शेवटी ठरलं: पहिल्या शनिवारी क्लोव्हिसनी फोनवरचा नकाशा न बघता 'टेबल' शोधून दाखवायचं. सापडलं तर होडी त्यांची, आणि रनेलने या विषयावर पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. नाही सापडलं तर होडी जाणार.

टेबल म्हणजे खाडीच्या तळाशी असलेला एक सपाट खडक. वसंतात पाणी जरा कोमट झालं की स्मॉलमाउथ बास जातीचे मासे खोल पाण्यातून वर येतात आणि अंडी घालण्याआधी अशा खडकांच्या कडेला गर्दी करतात. गावातल्या प्रत्येक जुन्या घराचा असा एक खडक ठरलेला, आणि त्याच्या खुणा जावयालासुद्धा सांगायच्या नाहीत असा रिवाज. क्लोव्हिसच्या टेबलाच्या खुणा त्यांच्या वडिलांपासून चालत आलेल्या. टोकावरचा एकटा पाईन वृक्ष दगडाच्या खाणीच्या खाचेत बसलेला दिसला पाहिजे आणि चर्चचा मनोरा काठावर राहणाऱ्या एमरीच्या लाल शेडच्या बरोब्बर मागे उभा राहिला पाहिजे. दोन्ही एकदम जुळलं की होडीखाली टेबल.

"फोन खिशात ठेव," क्लोव्हिस होडीच्या मोटारीचा दांडा धरून म्हणाले.

"खिशातच आहे, पपा."

"हात बाहेर काढ मग."

"थंडी वाजतेय म्हणून घातलेत हात! आता थंडीनेपण तुमची परवानगी घ्यायची का?"

"तुझ्या आईला कधी थंडी वाजली नाही."

"आई पाच थर घालून यायची. तुम्ही कधी तिच्याकडे नीट बघितलंत तर ना."

पाईन खाचेत बसला. क्लोव्हिसनी त्या रेषेवरून होडी हळूहळू पुढे नेली. मनोरा सरकत सरकत शेडच्या छपरामागे आला, तशी त्यांनी मोटार बंद केली आणि ऐटीत म्हणाले, "टाक शिसं."

रनेलने तळ चाचपायला दोरीला बांधलेलं शिसं सोडलं. खडकावर ते टकटक वाजायला हवं होतं. दोरी जात राहिली, जात राहिली, आणि शिसं मऊ कशात तरी रुतलं.

"चिखल," ती म्हणाली.

"नीट सोडलं नसशील."

"शिसं खालीच जातं, पपा. त्यात नीट आणि वाईट काय असतं?"

त्यांनी होडी मागे घेतली, पुन्हा रेषा धरली, पुन्हा चिखल. मग जरा डावीकडे, मग जरा उजवीकडे. वाऱ्याला नावं ठेवून झाली, मोटारीला ठेवून झाली, शिसं हलकं असल्याची तक्रारही झाली. रनेलचे हात दोरी ओढून ओढून बधिर झाले आणि तिचा पारा चढत गेला. कबूल का करत नाही हा माणूस? हट्टाला काही सीमा? ती आता तोंड उघडणार इतक्यात क्लोव्हिसनी दांडा सोडला.

"पोरी, तू घे. घरी चल."

उभ्या आयुष्यात त्यांनी तो दांडा कुणाच्या हातात दिला नव्हता. रनेलने जागा बदलली. त्यांना धरून पुढच्या फळीवर बसवताना तिला कळलं, केवढे हलके झालेत हे.

तिने होडी किनाऱ्याला धरून बंदराकडे वळवली. एमरीची जागा आली तेव्हा सवयीने तिकडे नजर गेली. काठावर गवत नसलेला एक मोठा उघडा चौकोन होता. शेड तिथे नव्हती. शेड तिथून बरीच उत्तरेला, ओकच्या झाडांपुढे उभी होती.

रनेलला एकदम सगळं आठवलं. सरोवराचं पाणी काठ खात चाललं होतं म्हणून एमरीने भर फेब्रुवारीत ती शेड ट्रॅक्टरला बांधली आणि गोठलेल्या खाडीवरून ओढत नेली. इथे अशीच हलवतात. सगळा गाव मदतीला जमला होता. ती स्वतः आलुबुखाराची पाई घेऊन गेली होती. पपा तेव्हा रुग्णालयात होते, आणि त्यांना हे सांगावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. सांगायचं काय त्यात? एक शेड इथून तिथे गेली.

म्हणजे म्हाताऱ्याचं डोकं शाबूत होतं. खूणच जागची हलली होती.

तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. फक्त बंदर येईपर्यंत गप्प राहायचं होतं. होडी जाईल, वाद मिटतील, शनिवार सुटतील. शेवटी सगळं त्यांच्याच भल्याचं नव्हतं का? चौकोन मागे पडला, एमरीचं घर मागे पडलं, चर्चही मागे पडलं.

"तू म्हणत होतीस ते खरं निघालं," क्लोव्हिस पाण्याकडे बघत म्हणाले. "माझं मला कळेनासं झालंय. आता तू सांगशील तसं. मी काही चुकीचं बोललो तर सांगत जा, मी ऐकेन."

"अहो, शेड हलवली!" रनेल ओरडलीच. "एमरीने शेड हलवली, पपा! तुमचं काही चुकलं नाही!"

क्लोव्हिस वळले. "कधी?"

"फेब्रुवारीत. बर्फावरून."

"तू होतीस?"

"हो."

"आणि आठवलं कधी?"

"आत्ता. म्हणजे मघाशी. ती मोकळी जागा दिसली तेव्हा."

क्लोव्हिसनी मागे पाहिलं. ती मोकळी जागा कुठल्या कुठे राहिली होती. त्यांनी नुसता हात पुढे केला, आणि रनेलने दांडा त्यांच्या हवाली केला.

शेड पूर्वी कुठे होती तेवढं मनाशी धरून त्यांनी रेषा जुळवली. शिसं टकटक वाजलं. दुसऱ्याच फेकीला बास लागला. पितळी रंगाचा तो दांडगा मासा पाण्याबाहेर झेपावला. क्लोव्हिसनी गळ काढला आणि अंडी घालायच्या या दिवसांतल्या रिवाजाप्रमाणे त्याला तिथल्या तिथे सोडून दिलं.

"होडी तुमची," रनेल म्हणाली. "मी पुन्हा विषय काढणार नाही."

"पुढच्या शनिवारी तू येऊ नकोस. एमरीला घेईन."

जन्मभर हेच ऐकायची वाट पाहिली होती, आणि आता ऐकल्यावर ती उसळली. "एमरीला? त्याला जाळंसुद्धा धरता येत नाही!"

"नसेल येत. पण त्याच्या पोटात काही राहत नाही. लगेच बोलून मोकळा होतो."

"मला भीती वाटते, पपा!" तिचा आवाज फाटला. "तुम्ही एकटे पाण्यावर असलात की मी दिवसभर खिडकी सोडत नाही. फोन वाजला की हातपाय गार पडतात. दुसरं काही नाही."

"मग हे सांगायचं होतंस," क्लोव्हिस म्हणाले. "एवढ्यासाठी होडी देऊन टाकली असती मी. तू मला वेडा ठरवायला निघालीस."

तेवढ्यात त्यांची गळाची काठी पुन्हा वाकली. मासा होडीजवळ आला तरी त्यांनी जाळं मागितलं नाही. मोडलेल्या खुब्यावर भार टाकून ते एकटेच होडीच्या काठावरून खाली वाकले.

"सरका मागे!" जाळं उचलून रनेल सरसावली. "पडाल ना!"

"पडलो तर लगेच सांगशील ना कुणाला?"

"पपा!"

ते मागे सरकले नाहीत, पण तिच्यापुरती जागा त्यांनी केली. रनेलने डोळे बाहीने पुसले आणि जाळं माशाखाली धरलं.