आठवा ठिपका

स्टुडिओतला कुठलाही फोटो वहिनींच्या हाताखालून गेल्याशिवाय छापला जात नसे. फोटोग्राफरने काढायचा आणि बायकोने धुऊन-पुसून माणसात आणायचा, अशी पंधरा वर्षांची वाटणी. मुरूम, तीळ, कॉलरवरचा डाग, लेन्सवरची धूळ, काही म्हणून राहत नसे. गल्ली त्यांना साबणवहिनी म्हणायची. गिऱ्हाईक आपलाच फोटो पाहून खूश व्हायचं आणि ओळखपत्र तपासणारा मात्र गोंधळायचा.

वेधशाळेत छायाचित्रकाराची जागा निघाली, तेव्हा फोटोग्राफरला जेवण गोड लागेना. आयुष्यभर त्याने पोटासाठी चेहरे काढले होते आणि हौसेने आकाश. अर्जासोबत एका नक्षत्राचा स्वतः काढलेला फोटो हवा होता. त्याने चार रात्री गच्चीवर काढून सप्तर्षी टिपले, फाइल कॉम्प्युटरवर टाकली आणि बायकोला फक्त छापायला सांगितलं. 'फक्त' हा शब्द त्या घरात कोणी मनावर घेत नसे.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी बाराला त्याने छापलेला फोटो खिडकीपाशी धरला आणि त्याचा चेहरा उतरला.

"अरुंधती कुठेय?"

वहिनींना वाटलं कोणी गिऱ्हाईक असेल.

शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला खेटून ती बारीकशी अरुंधती, हे त्याने बोट ठेवून दाखवलं. बोटाखाली काळंभोर, स्वच्छ आकाश होतं.

"तो ठिपका होय? अहो, सप्तर्षी म्हणालात ना? मी मोजले तर आठ भरले. आठवा कडेला चिकटलेला, मला वाटलं धूळ. आसपासचा बारीक कचराही काढला."

मूळ फाइल? दुरुस्त फोटो तिच्यावरच सेव्ह केलेला. कॅमेऱ्यातलं कार्ड? सकाळीच पुसून त्यावर पासपोर्टचे फोटो काढलेले. वहिनी म्हणाल्या, जागा लक्षात आहे, पुन्हा ठेवून देते, देवालाही कळणार नाही. तो म्हणाला, देवाचं राहू दे, वेधशाळेत संचालकबाई बसतात. दुसरा फोटो नव्हता, तेव्हा तो आहे तोच गुंडाळून निघाला. वहिनी स्कूटरवर मागे बसल्या. रस्ताभर त्यांनी एकदाही हळू चालवा म्हटलं नाही, यावरून काय ते समजावं.

संचालकबाईंनी फोटो टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली आणि भिंग घेतलं. क्रतू या पहिल्या ताऱ्यापासून सुरुवात करून त्या सावकाश शेपटीपर्यंत आल्या. तिथे भिंग थांबलं.

"अरुंधती दिसत नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनीच समजूत काढली. त्या बाजूला धुकं असेल, साध्या लेन्सने असं होतं, बाकी काम चोख आहे. इतक्या अर्जांत एवढा स्थिर हात कोणाचा नाही, असंही म्हणाल्या. त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. फोटोवर नंतर कोणतीही दुरुस्ती केलेली नाही, खाली सही.

खोटं बोलण्याचे कष्टसुद्धा बाईंनीच घेतले होते. त्याने फक्त सही करायची होती. त्याने पेन उघडलं. दाराशी बसलेल्या वहिनी चपलेचा पट्टा पुन्हा पुन्हा लावत होत्या.

"धुकं नव्हतं," तो म्हणाला. "आमच्याकडून पुसली गेली."

कोणी पुसली, हे बाईंनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. त्यांनी चारही पुस्तकं उचलली. फोटो आपोआप गुंडाळला गेला. हा घेता येणार नाही, त्या म्हणाल्या. मग जाहिरात पाहून त्यांनी आणखी सांगितलं, की मुदत आज रात्री बारापर्यंत आहे, फाटकावरचा पहारेकरी लिफाफा घेतो. आकाशाची जबाबदारी मात्र कार्यालयाकडे नाही.

बाहेर आभाळ गच्च भरलं होतं.

"बोलला नसतात तर?" वहिनींनी विचारलं.

"तर नोकरी लागली असती. मग रोज रात्री वर बघावं लागलं असतं."

घरी येऊन वहिनींनी कार्ड स्वतःच्या हाताने रिकामं केलं आणि कॅमेऱ्याची तिवई गच्चीवर नेली. आठ वाजले, नऊ वाजले. वेधशाळेपर्यंत अर्धा तास, छापायला वीस मिनिटं, हा हिशेब त्यांनी चारदा केला. साडेनऊला पश्चिमेकडचे ढग फाटले आणि तिथे दोन-चार चांदण्या दिसल्या. सप्तर्षी उत्तरेला होते, अजून ढगांच्या आड.