शांत बसण्यात पहिली

वरून फतवा आला, की रोज पहिल्या तासाला दहा मिनिटं मुलांनी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं. त्रेचाळीस पोरांना गप्प बसवणं म्हणजे तराजूत बेडूक तोलणं, आणि मुख्याध्यापिकांनी ते काम चौथीच्या बाईंच्या गळ्यात मारलं. सोबत एक तक्ता होता. त्यात रकाने दोनच, ‘शांत’ आणि ‘चुळबुळ’.

खिडकीजवळची एक मुलगी रोज ‘शांत’. अंगानं एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. शेजारी कंपासपेटी आदळली तरी तिची पापणी हलत नसे. बाईंनीच मोठ्या कौतुकानं पालकसभेतल्या प्रात्यक्षिकासाठी तिचं नाव सुचवलं.

सभेच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, बाईंनी सहज विचारलं, एवढं कसं गं जमतं तुला?

“बाबा आईला मारतात ना, तेव्हा मी अशीच बसते,” पेन्सिलीला टोक काढत चिमणी म्हणाली. “हललं की माझी पाळी येते.”

बाई तडक मुख्याध्यापिकांकडे गेल्या. मुख्याध्यापिकांनी दार लोटून सगळं ऐकलं आणि कानांवर हात ठेवले. समुपदेशकाची जागा याच उपक्रमासाठी रद्द झाली होती. शिवाय पोरीचं नाव आता गाळलं, तर बाप कारण विचारेल, त्याला काय सांगणार? मग बाईंनी चिमणीच्या आईला फोन लावला.

“बाई, तुमच्या पाया पडते, कुठे बोलू नका,” आई म्हणाली. “तुम्ही बोलाल, आणि मार आम्ही खाऊ.”

बाई बोलल्या नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, ते त्यांना या वयात कळलं.

दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात चिमणी खुर्चीवर दहा मिनिटं बसली. लहान मुलं रडत होती, खुर्च्या करकरत होत्या, ही ढिम्म. पहिल्या रांगेत तिचे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, मोबाइल उंच धरून चित्रण करत होते. वेळ संपल्यावर उपक्रमाच्या प्रशिक्षकांनी माइक तिच्यापुढे धरला आणि विचारलं, हे कसं जमवलंस, सांग सगळ्यांना.

तिनं खरं सांगावं असं बाईंना वाटलं, आणि सांगू नये असंही.

चिमणीनं बाबांकडे पाहिलं.

“बाईंनी शिकवलं,” ती म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात तिचे बाबा वाजवत होते. सगळं सभागृह बाईंकडे वळून पाहू लागलं, तेव्हा त्यांना उभं राहावं लागलं.