पराणीवर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुनी पराणी आहे. पराणी म्हणजे बैल हाकायची काठी. तिच्या टोकाला लोखंडी आर असते, म्हणून माझ्याकडे कोणी विश्वासाने पाहत नाही.

महागावजवळच्या तांड्यात अमरसिंगाने मला बांबूतून तासले. तो पुंडलिकरावांचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. त्यांचा रतन्या बैल त्याने वासराचा मोठा केलेला. पहिल्याच पोळ्याला त्याची बायको मानीबाई म्हणाली, "त्याले टोचशीन, तर घरी भाकर भेटणार नाही." तिने माझी आर उपटली, भोकात लाख भरली आणि वर कवड्यांचा गोंडा बांधला. कवड्या खुळखुळल्या की रतन्या पाऊल उचलायचा.

१९५८ साली, पोळ्याला चार दिवस असताना, अमरसिंग गाडी घेऊन उतार उतरून गावात आला आणि रतन्याच्या पुठ्ठ्यावर रक्त दिसले. पुंडलिकरावांनी आधी मला पाहिले, मग अमरसिंगाला. मला हिसकावून ते गाडीसकट शाळेपुढे आले. गावाचे अर्ज नरहर गुरुजी लिहून देत.

"लिहा गुरुजी. अमरसिंगानं बैलाले निर्दयपणे टोचलं. हा अर्ज पंचायतीत ठेवतो. बैल आता दुसऱ्याच्या हाती."

गुरुजींचा टाक 'निर्दयपणे' या शब्दापाशी थांबला. वर्गातली मुले बघत होती.

"कालच मुलांना हा शब्द शिकवला. नुसतं मारणं म्हणजे निर्दयपणे मारणं नव्हे. समोरच्याला दुखतंय हे दिसूनही ज्याचा हात थांबत नाही, तो निर्दयपणे मारतो. तुम्ही हे पाहिलंत?"

"पाहाले कायले लागते? पराणी त्याचीच हाय."

अमरसिंग खाली बघत म्हणाला, "मले तर रतन्याकडं पाहवत नाही, गुरुजी."

"पाहा, नजर चोरून राह्यला," पुंडलिकराव म्हणाले.

गुरुजींनी माझा गोंडा सोडला. भोक लाखेने बुजलेले होते. मग ते गाडीपाशी गेले. पुढच्या फळीत एक खिळा बाहेर आलेला होता. त्याला रक्त होते आणि रतन्याचे पांढरे केस. उतारावर गाडी पुढे रेटली की तो बैलाला रुतायचा. पिशवी अडकवायला पुंडलिकरावांनीच तो परवा ठोकला होता.

त्यांनी दगडाने खिळा उपटला. मग कासरा अमरसिंगापुढे केला. "धर. घरी ने त्याले."

गुरुजींनी कागद फाडला. पण बोललेला शब्द गावात फिरलाच. अजूनही बाजारात कोणीतरी माझा गोंडा वर करून टोक चाचपतो.

मित्रांनो, बैलांना जपा, तसे माणसांनाही जपा. माझी आर मानीबाईने एका झटक्यात काढली. अमरसिंगाला लागलेला तो शब्द मात्र अजून कोणाला काढता आलेला नाही.